कपाटातला माकूल

आमच्या चर्चच्या सभागृहावर एक माडी आहे. तिथे रोज संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा अशी अभ्यासिका चालते. वांद्रे म्हटले की बाहेरच्या माणसाला बॅण्डस्टँडवरचे बंगले आणि सिनेमातील मंडळी आठवतात. परंतु रानवार, चिंबई, पाली या गावठाणांतील लहानशा खोल्यांत आणि रेल्वेरुळांच्या पूर्वेकडील वस्त्यांत दहावी-बारावीच्या मुलाला पुस्तक उघडून बसण्याइतकी जागा नसते, हे घरभेटीला जाणाऱ्या धर्मगुरूला फार लवकर कळते. अभ्यासिकेत चौदा संगणक आहेत. एका कचेरीने नवे घेतले तेव्हा तिने आपले जुने आम्हांला दिले. पंधरावा संगणक कोपऱ्यातील लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. केवळ एक हिरवा दिवा लुकलुकत असतो. मुले त्याला ‘माकूल’ म्हणतात.

नाव मुलांचे असले तरी निराधार नाही. त्या संगणकात जी प्रणाली चालते तिचे नाव स्क्विड, आणि स्क्विड म्हणजे चिंबईच्या कोळणीच्या टोपलीत पापलेटाशेजारी पडलेला तोच आपला माकूल. ड्वेन वेसल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेत ही प्रणाली उभी केली आणि सर्वांना विनामूल्य खुली केली. चांगली नावे सगळी आधीच घेतली गेली होती म्हणून हे ठेवले, असे कर्त्यांनीच सांगून ठेवले आहे. नामकरणाच्या बाबतीत इतका प्रामाणिकपणा मी बाप्तिस्म्याच्या नोंदी करताना क्वचितच पाहिला आहे.

हा माकूल म्हणजे एक मुखत्यार. मुलाने एखादे पान मागितले की मुलाच्या वतीने हा बाहेर जातो, पान आणतो, मुलाच्या हाती देतो आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. दुसऱ्या मुलाने तेच मागितले तर पुन्हा बाहेर जाण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईत इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेतून एक चित्र उतरायला जपमाळेचे एक दशक म्हणून होत असे; त्या काळी अशा प्रतींचे मोल फार. आता बहुतेक पाने मोहोरबंद लखोट्यातून येतात, आणि लखोटा फोडण्याचा अधिकार मुखत्याराला नसतो. त्यामुळे साठवण्यासारखे थोडेच उरले आहे. तरीही तो आम्ही ठेवला आहे. कोणत्या जागा मुलांसाठी बंद ठेवायच्या ते तो सांभाळतो, साडेदहाला दार लावतो, आणि चौदा संगणकांच्या सुधारणा चौदा वेळा न आणता एकदाच आणतो. शिवाय, खरे सांगायचे तर, सवय झाली आहे.

लखोटा बंद असला तरी एक काम मात्र त्याच्याकडेच राहते: पत्ता विचारण्याचे. आपण नाव लिहितो, यंत्राला अंक लागतो. हिल रोडचे नाव आता रामदास नायक मार्ग आहे, कार्टर रोडला संगीतकार नौशाद अलींचे नाव दिले आहे. पण रिक्षात बसताना कोणते नाव सांगायचे आणि टपालावर कोणते लिहायचे हे वांद्रेकराला ठाऊक असते, कारण नाव आणि जागा यांची गाठ त्याच्या मनात पक्की असते. संगणकांच्या जगात ही गाठ सांभाळणारी जी व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. ती पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. त्यापूर्वी साऱ्या जाळ्यातील संगणकांची नावे एका यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील एक संस्था सांभाळी आणि इतरांनी तिची नक्कल उतरून घ्यायची, एवढाच कारभार होता. जुन्या धर्मग्रामाच्या एका वहीसारखाच. मुले संख्येने वाढली आणि वही पुरेनाशी झाली.

आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मुखत्यार मध्ये असला की मुलाचा संगणक पत्ता विचारीत नाही. तो नाव मुखत्याराच्या हाती देतो; पत्ता मुखत्यारच शोधतो. म्हणून माकूल चुकला की चौदाही संगणक चुकतात, आणि शेजारी ठेवलेला मोबाइल मात्र सुरळीत चालतो.

जून २०२४ मध्ये नेमके असे झाले.

कपाटाची किल्ली तेव्हा एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडे होती. तो पदविकेला शिकतो, बाप टॅक्सी चालवतो, रानवारला राहतात. एका शनिवारी तो मला म्हणाला, ‘‘फादर, आपली डेबियनची अकरावी आवृत्ती आहे. ऑगस्टमध्ये तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबणार. बारावी आवृत्ती येऊन वर्ष झालं. आज रात्री करून टाकतो.’’ मी पुढच्या दिवशीच्या प्रवचनाच्या विचारात होतो. ‘‘कर’’ म्हणालो. त्या एका बदलाबरोबर स्क्विडही ४.१३ वरून ५.७ वर गेला, हे मला पुष्कळ नंतर समजले.

सोमवारपासून तक्रारी सुरू झाल्या. पाने उघडताना मध्येच अडखळत. ते एक वेळ सोसले असते. पण बारावीतली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. अर्ज पाच पानांचा. तिसऱ्या पानावर आली की पडद्यावर उमटे, ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’, आणि पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी तीन वेळा, मंगळवारी चार वेळा. अंतिम मुदत शुक्रवारची. घरी एकच फोन, तो आईबरोबर कामावर जातो आणि रात्री दहाला परततो. कितव्या मिनिटाला बाहेर फेकली गेली ते तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. रडत नव्हती, पण तिच्या ओठांकडे पाहून मला राहवले नाही.

मंगळवारी रात्री सगळ्या मुलांदेखत मी त्या मुलाला विचारले, ‘‘शनिवारपर्यंत सारं नीट चालत होतं. शनिवारी तू काय केलंस?’’

‘‘फादर, मी फक्त आवृत्ती बदलली. बाकी एका ओळीलाही हात लावला नाही.’’

‘‘मग हे आपोआप झालं का?’’

तो काही बोलला नाही. मी हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढली, माझ्या हातावर न ठेवता टेबलावर ठेवली, आणि जिना उतरून गेला.

गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्हांला तर्कशास्त्र होते. विचारातील दोषांची यादी घोकावी लागे, आणि तिच्यात एक दोष असा होता: पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक, अमुक गोष्ट तमुक गोष्टीच्या मागाहून घडली, म्हणून तिच्यामुळेच घडली. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला. त्या प्रश्नपत्रिकेत मला उत्तम गुण मिळाले होते. मंगळवारी रात्री त्यांपैकी एकही गुण माझ्या उपयोगी पडला नाही.

बुधवारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक धर्मग्रामस्थ मदतीला आले. गृहस्थ मितभाषी, चष्मा कपाळावर. त्यांनी पहिला संशय पत्ता सांगणाऱ्यावर घेतला. माकूल ज्याला पत्ता विचारतो तो नामसेवक बदलून दुसरा दिला, फरक नाही. माकूल एकदा मिळालेला पत्ता काही तास ध्यानात ठेवतो (आपणहून सांगितले नाही तर फार तर सहा तास), ती स्मृती पुसली, फरक नाही. मग त्यांनी तारेवरून जाणारे प्रश्नच टिपायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. ‘‘फादर, हे बघा. प्रत्येक नाव दोनदा विचारलं जातंय.’’

चोर सापडला असे आम्हां दोघांनाही वाटले. तासाभराने ती आशा मावळली. तोच प्रश्न दोनदा नव्हता. दोन निराळे प्रश्न होते. जुने पत्ते चार अंकांचे, मध्ये ठिपके देऊन लिहिलेले. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच संभवतात, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून नव्या बांधणीचे पत्ते आले. ते चौपट लांब, अक्षरे आणि अंक मिसळलेले, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे दिलेले. जुन्या पत्त्याच्या नोंदीला इंग्रजीत ‘ए’ म्हणतात, आणि नवा पत्ता चौपट म्हणून त्याच्या नोंदीला चार वेळा ‘ए’. माकूल दोन्ही विचारतो. पूर्वीही विचारीत होता. त्यात वावगे काहीच नव्हते.

त्या रात्री त्यांनी माकुलाची रोजनिशी कागदावर छापून माझ्यापुढे ठेवली. ‘‘माझे डोळे थकले. तुम्ही बाप्तिस्म्याच्या वह्या वाचता, हेही वाचून बघा.’’ माकूल प्रत्येक फेरीची एक ओळ लिहून ठेवतो: वेळ, लागलेला अवधी, कोणी मागितले, काय मागितले, कोणत्या पत्त्यावर गेलो. वेळ मात्र घड्याळाची नसते, १ जानेवारी १९७० पासून सरलेले सेकंद असतात. आणि मोहोरबंद फेरीची ओळ फेरी संपल्यावर लिहिली जाते, म्हणून ती सुरू केव्हा झाली हे कळायला अवधी वजा करावा लागतो. हा हिशेब त्यांनी आधीच करून समासात पेन्सिलीने मांडला होता.

जुन्या वह्या वाचणाऱ्याला एक सवय लागते. शब्द वाचण्याआधी अक्षराचे वळण दिसते. एखाद्या पानावर मध्येच कारकून बदललेला असतो, तो मजकुराआधी डोळ्यांत भरतो. तसेच झाले. शेवटून दुसऱ्या रकान्यात, जिथे माकूल गेला तो पत्ता असतो, तिथे काही ओळींत ठिपके होते आणि काही ओळींत विसर्ग. त्याच एका अर्जाच्या एकाच नावासाठी, काही मिनिटांच्या अंतराने. मी मुलीची वही मागवून घेतली. सात बेचाळीस, आठ पंधरा, आठ एकावन्न. प्रत्येक वेळी तिला बाहेर काढण्याच्या लगेच आधी रकान्यातील वळण बदललेले होते. ठिपक्यांवरून विसर्गांवर, किंवा उलट.

तेव्हा चित्र स्पष्ट झाले. माकूल जुन्या पत्त्याच्या वाटेने गेला की पलीकडे आमचा जुना पत्ता दिसतो. नव्या वाटेने गेला की आमचाही नवा पत्ता दिसतो. अर्जाच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीने पहिली दोन पाने एका माणसाने भरली आणि तिसऱ्या पानाला दुसराच कोणी तीच चिठ्ठी घेऊन आला. त्याने तोतया समजून बाहेर काढले. त्याचे काय चुकले?

पण शनिवारपर्यंत हे का होत नव्हते? उत्तर माकुलाच्या दुसऱ्या रोजनिशीत होते. ही तो सुरू होताना आपल्याविषयी लिहितो, आणि ती आमच्यापैकी कोणी उघडली नव्हती. तिथे स्पष्ट शब्दांत तक्रार होती, की तुमच्या आज्ञापत्रातील ‘डीएनएस व्ही ४ फर्स्ट’ ही आज्ञा आता रद्द झालेली आहे. तक्रार नोंदवून माकूल मुकाट्याने कामाला लागला होता.

ती ओळ लिहिली होती २०२० साली, टाळेबंदीत, शाळा पडद्यावर गेल्या तेव्हा. लिहिणारा तरुण आता कॅनडात टोरांटोला असतो. त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. ओळ ऐकून तो हसू लागला. ‘‘फादर, ती अजून आहे? तेव्हा आपल्या जोडणीत नवी वाट फार रेंगाळायची. म्हटलं, तात्पुरतं दोन्ही पत्त्यांतला जुना आधी घे म्हणून सांगून ठेवू. मग नीट बघू.’’ मग नीट कोणी पाहिले नाही. दुखऱ्या दाताखाली लवंग धरावी तशी ती ओळ चार वर्षे राहिली, आणि आम्ही समजत होतो की दात बरा आहे.

स्क्विडच्या पाचव्या आवृत्तीत कर्त्यांनी ही जुन्याला झुकते माप देण्याची सोयच काढून टाकली. पूर्वी माकूल दोन्ही प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत थांबे, आणि मग निघे. आता जे उत्तर आधी येईल त्या वाटेने तो निघतो. पाव सेकंदात पलीकडचे दार उघडले नाही तर दुसऱ्या वाटेनेही प्रयत्न करतो, आणि जे दार आधी उघडेल ते खरे. या रीतीचे नाव आहे ‘हॅपी आयबॉल्स’, आनंदी बुबुळे. (माकूलच बरा.) रीत चांगली आहे, धडधाकट वाटांच्या जगासाठी ती बनवली आहे. आमची नवी वाट कधी चटकन उघडे, कधी रेंगाळे. म्हणून पाने अडखळत आणि पत्ते बदलत. २०१६ नंतर मोबाइलच्या लाटेबरोबर नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत गेला आहे. आमच्या अभ्यासिकेची तार मात्र त्या मिरवणुकीत लंगडत चालली होती.

तर मग आवृत्ती बदलल्यामुळे हे झाले की नाही? झाले. आणि मुलाने चूक केली का? दुसरी रोजनिशी वाचली नाही, एवढी केली. तितकीच मी प्रवचनाचा विचार करीत ‘कर’ म्हणालो, हीही केली. बाकी त्याने जे सांगितले ते अक्षरशः खरे होते. त्याने एका ओळीलाही हात लावला नव्हता.

गुरुवारी सकाळच्या मिस्सानंतर मी रानवारला गेलो. तो दारातच पायरीवर बसून फोनवर काही वाचीत होता. आईने खुर्ची आणली, मी बसलो नाही. परवा सगळ्यांदेखत बोललो होतो. म्हणून संध्याकाळी सगळ्यांदेखत माफी मागेन, पण आधी इथे मागतो, असे म्हणालो आणि किल्ली पुढे केली. तो गोंधळला. आई मध्येच म्हणाली, ‘‘असू द्या हो फादर, पोराची जात.’’ मी म्हटले, ‘‘पोराची नव्हे बाई, माझी चूक आहे.’’ त्याने किल्ली लगेच घेतली नाही. फोन माझ्यापुढे धरला. नव्या आवृत्तीबरोबर आलेले सूचनापत्र तो दोन रात्री वाचीत होता, आणि रद्द झालेल्या आज्ञांच्या यादीतल्या त्याच नावावर येऊन थांबला होता. किल्लीवाचून तो आमच्या एक पाऊलच मागे होता.

मुलीची गोष्ट मात्र आमच्यावाचून सुटली. गुरुवारी दुपारी तिने हिल रोडजवळच्या एका सायबर कॅफेत बसून, दीडशे रुपये देऊन, अर्ज भरून टाकला. आम्ही संध्याकाळी अभिमानाने तिला बोलावले तेव्हा तिने पावती दाखवली. ते दीडशे रुपये तिच्या आईच्या कोणत्या खर्चातून गेले ते मी विचारले नाही.

दुरुस्ती तरी करणे होतीच. कर्त्यांचा सल्ला असा, की नवी वाट नको असेल तर माकुलाला सांगू नका, वेशीवरच अडवा. निवृत्त गृहस्थांनी वेशीवर नियम घातला. अर्ज आता मध्येच तुटेना, पण पाने पहिल्यासारखीच अडखळत. मुलाने नियम वाचला आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्ही गप्प राहून अडवलंय. दार वाजवणाऱ्याला आतून कोणी काहीच बोलत नाही, म्हणून तो पाव सेकंद उभा राहतो. नाही म्हणून सांगायला पाहिजे.’’ एक शब्द बदलला. नकार तत्काळ मिळू लागला, माकूल त्याच क्षणी जुन्या वाटेला लागला, आणि चौदाही पडदे पूर्वीसारखे चालू लागले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, तो शब्द पुन्हा एकदा वाचला, आणि चष्मा परत कपाळावर ठेवला.

मी म्हटले, ‘‘आता ह्याच्यावर लिहून ठेव. का घातलं ते.’’

त्याने नियमाच्या वर चार ओळी लिहिल्या, मराठीत. तारीख, नवी वाट रेंगाळते, म्हणून बंद, जोडणी देणाऱ्यांकडे तक्रार केली आहे, वाट सुधारली तर हा नियम काढून एक लांबलचक अर्ज शेवटच्या पानापर्यंत भरून पाहावा. खाली, शंका असल्यास कोणाला विचारावे, म्हणून आपले नाव घातले, काकांचे घातले, आणि तिसरे म्हणून ‘फादर’ असे लिहिले.

‘‘अरे, मला त्यातलं काय कळतं?’’

‘‘ठिपके आणि विसर्ग कळतात ना,’’ तो म्हणाला, आणि कपाट लावून किल्ली खिशात टाकली.